दोन गाद्यांखालची ओल

आर्वी, ३ जुलै २०२५

चि. मयुरीस आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. पाकिटाची कड सुटलेली होती. कोणी उघडून पुन्हा चिकटवले की ओलीने सुटले, ते मला ठरवता आले नाही. पोस्टमन प्रेमदास म्हणाला, "काकाजी, गोव्याचे पाकिटं असेच येतेत." मी विचारले, आजवर गोव्याची किती पाकिटे वाटलीस? म्हणाला, "हे पयलंच."

चार वर्षे तू लिहिले नाहीस. ठरलेले लग्न मोडून गेलीस, नोकरीत साठवले ते घालून एक जुनी शिडाची होडी घेतलीस आणि बेतीच्या धक्क्याला ती बांधून तिच्यातच राहतेस, हे मला तुझ्या आईकडून तुकड्या-तुकड्याने कळले. तिला कसे कळत होते ते तिने सांगितले नाही. आता लिहिलेस ते बुरशीबद्दल. गाद्यांखाली काळे ठिपके पडतात, कपाटातले कपडे कुबट होतात, पुस्तकांवर पांढरी लव येते. एकटी आहे, मजेत आहे, फक्त या बुरशीचे काय करू ते सांगा. तीस वर्षे मी जिनिंगच्या फाटकावर कापसाचा ग्रेडर होतो, ओल मला कळते, म्हणून मला विचारतेस असे लिहितेस. हे कारण खरे असेल. पण तिथे आजूबाजूला होड्यांवर राहणारे आहेत, त्यांना ओल कळत नाही का? आणि बुरशी गेल्या पावसाळ्यातही आली असेल, त्याच्या आधीच्याही. मग याच वर्षी का विचारलेस?

फोन तू घेत नाहीस. फोनवर मी उलटतपासणी करतो, लिहून विचारा, लिहून उत्तर देईन, असे म्हणतेस. ठीक आहे. लिहून विचारतो.

ओलीबद्दल पहिली गोष्ट. आपल्याकडे ओल येत नाही, ती घातली जाते. कापसाची गाडी फाटकात यायची, वरचा कापूस पांढरा, कोरडा, उन्हात फुललेला. मी खांद्यापर्यंत हात आत घालत असे. मध्ये गार लागायचे. गाडीवाला म्हणायचा, "रातच्याले दव पडलं जी." दव वरून पडते, गाडीच्या मधोमध पडत नाही. वजन वाढावे म्हणून कोणीतरी पाणी शिंपडून वर कोरडा थर रचलेला असे. तीस वर्षांत याला अपवाद निघाला नाही. तुझ्या गाद्यांखाली ओल असेल तर ती कोठून तरी आत येते आहे. तळाला भेग असेल, झाकणाचे रबर गेले असेल. शोध. सरकीच्या गोदामात आम्ही पावसाळ्यात बोटभर फट ठेवत नसू. तसे सगळे बंद कर. गाद्या जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळ. कपाटांची दारे घट्ट लाव. कळीचा चुना मातीच्या भांड्यात घालून ठेव, तो हवेतले पाणी ओढतो. भांडे कलंडणार नाही असे बांध.

आई मे महिन्यापासून समुद्रपूरला देवकाबाईंकडे आहे. बहिणीची तब्येत नरम आहे म्हणून गेली. पोळ्याला येते म्हणाली. स्वतःचा फोन तिने इथेच ठेवला. मी तो रोज चार्ज करतो.

बाबा


आर्वी, १७ जुलै २०२५

चि. मयुरीस आशीर्वाद.

तू लिहितेस, सांगितले ते सगळे केले आणि आठ दिवसांत बुरशी दुप्पट झाली. मी हे तीनदा वाचले. आधी वाटले, तू केलेच नाहीस. मग वाटले, तू केलेस आणि दुसऱ्या कोणी उघडले. एवढी बुरशी आठ दिवसांत दार मोडलेल्या गोदामातही येत नाही.

मग तुझे शेवटचे वाक्य पाहिले. प्लास्टिक सोडले तेव्हा आतल्या बाजूला थेंब होते. एक थेंब तू चाखून पाहिलास, तो खारट नव्हता. म्हणजे समुद्राचे पाणी नाही. वरचे सांधे तू पुसून तपासलेस, ते कोरडे. म्हणजे पावसाचेही नाही. मग पाणी आतच तयार होते आहे. भाताची वाफ, वाळत घातलेले कपडे, आणि श्वास. झोपलेला माणूस रात्रभरात पेलाभर पाणी अंगातून हवेत सोडतो. गोदामात कोणी झोपत नाही, निदान झोपू नये. मी तुला गोदामाची रीत सांगितली आणि तू माणसाच्या घराला ती लावलीस. चूक माझी.

आता उलट कर. प्लास्टिक काढून टाक. समोरासमोरची दोन झाकणे पावसाचे पाणी येणार नाही इतपत उघडी ठेव, म्हणजे वारा एकीकडून येऊन दुसरीकडून जाईल. गाद्यांखाली दोन बोटे अंतर ठेवून फळ्या टाक. कपाटांची दारे उघडी राहू दे. भांड्यांवर झाकण ठेवून रांध. काळे ठिपके व्हिनेगरने पूस आणि जागा पूर्ण कोरडी झाल्याशिवाय तिथे काही ठेवू नकोस. समुद्राचे पाणी लागलेले कपडे आधी गोड्या पाण्यातून काढ. कापडात मीठ राहिले तर ते कधीच वाळत नाही, पावसाळ्यात मिठाच्या बरणीचे काय होते ते तू पाहिले आहेस.

हे करण्याआधी एक काम कर. पहाटे उठल्याबरोबर, एकही झाकण न उघडता, छताला थेंब कुठे आहेत ते बघ. गाद्या उचलून खाली ओल कुठे आहे ते बघ. होडीचा साधा नकाशा काढ आणि जिथे ओल असेल तिथे पेन्सिल घास. आधी पुसू नकोस. जेवढे दिसेल तेवढेच काढ. हवा कुठे कोंडते ते त्यावरून मला कळेल. एवढ्यासाठीच हवा आहे.

समुद्रपूरला दोनदा फोन केला. एकदा आई पूजेला बसली होती, एकदा आंघोळीला गेली होती. देवकाबाईंचा आवाज नरम तब्येतीचा वाटला नाही. तुझे आईशी बोलणे होते का, ते लिही.

बाबा


आर्वी, ३१ जुलै २०२५

चि. मयुरीस,

नकाशा मिळाला. हात पूर्वीसारखाच नेटका आहे.

होडीच्या पुढच्या टोकाला तुझी झोपायची तिकोनी जागा. तिच्या वर छताला थेंब, गादीखाली लांबट ओल. मध्ये डाव्या हाताला लांब बाक. त्याच्याही वर छताला थेंब, त्याच्याही गादीखाली ओल. ही आखूड आणि वाकडी. बाकी होडी कोरडी. खाली तू लिहिले आहेस, दोन्ही गाद्यांखाली सारखीच.

चंद्रभान तुला आठवत असेल. जिनिंगचा चौकीदार. तू बालवाडीत असताना तुला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचा. एका जानेवारीत मी सकाळी लवकर सरकीचे गोदाम उघडले. टिनाच्या छताला आतून दोन ठिकाणी थेंब धरले होते, शेजारी शेजारी, बाकी सगळे छत कोरडे. खालच्या पोत्यांवर सतरंजी घडी करून ठेवलेली होती. मी म्हटले, "चंद्रभान, रात्री इथे दोघे झोपता." तो म्हणाला, "नाई जी, साहेब, मी एकलाच." मी वर बोट दाखवले. त्याने वर पाहिले आणि खाली पाहिले. मी मॅनेजरला लिहून दिले. आठ दिवसांत त्याला काढले.

होडीत तू एकटी राहत नाहीस. कोण आहे तो?

बुटका आहे, किंवा पाय पोटाशी घेऊन झोपतो. इतकी वर्षे बुरशी सहन करून याच पावसाळ्यात तू का विचारलेस ते आता कळले. याच पावसाळ्यात तो आला. मी फसवून नकाशा काढून घेतला असे म्हणशील. हो, घेतला. एकटी आहे, मजेत आहे, असे तू पहिल्याच पत्रात लिहिले होतेस. तिथे खरे लिहिले असतेस तर मला थेंब मोजावे लागले नसते.

आईला हे माहीत आहे का? माहीत असेल तर ती समुद्रपूरला का जाऊन बसली तेही माझ्या लक्षात येते. मला तोंड द्यायला नको म्हणून.

नाव, गाव, काय करतो, लिहून पाठव.

बाबा


आर्वी, १२ ऑगस्ट २०२५

मयुरी,

तुझे कार्ड मिळाले. होडीत पुरुष नाही, जी व्यक्ती आहे तिने नाव सांगू नको म्हटले आहे, आणि मी आणखी विचारले तर तू लिहिणे थांबवशील. दोन ओळी.

मी असे धरून चालतो की पुरुष नाही. मग बाई आहे. नाव लपवायला सांगणारी बाई काही कारणाने लपवते. कोणाची तरी घर सोडून आलेली बायको असेल. उद्या तिचा नवरा शोधत येऊन धक्क्यावर उभा राहिला तर तो तुला विचारेल, आणि त्याला विचारायचा हक्क असेल. तेव्हा तू त्याला काय सांगणार आहेस? तिने तुला काय सांगितले आहे, आणि त्यातले किती तू तपासून पाहिलेस?

तू लिहिणे थांबवू नकोस. मी पुढे विचारत नाही.

पोळा बावीस तारखेला आहे. आई येईल. नकाशा मी तिच्यापुढे ठेवणार आहे. तुला तिचे तरी ऐकावे लागेल.

फळ्या टाकल्यावर ओल कमी झाली का, ते कार्डात नाही.

बाबा


आर्वी, २६ ऑगस्ट २०२५

चि. मयुरीस आशीर्वाद.

मधल्या बाकावरच्या गादीखाली फळ्या डोक्यापासून पायापर्यंत आडव्या टाक. फळ्यांच्या कडा घासून घे, गुडघ्याला लागता कामा नयेत. त्या बाकाजवळचे झाकण रात्री पूर्ण बंद करू नकोस, पण वारा थेट छातीवर येऊ देऊ नकोस. गार वारा लागला की पहाटे खोकला येतो आणि तो पंधरा दिवस जात नाही. स्टोव्ह खाली असेल तर समोर स्टूल ठेव. भाताने वाफ फार होते, पण रात्री भात लागतच असेल तर लागू दे. उशीला कापूस भरलेला असेल तर आठ दिवसांनी एकदा ऊन पडेल तेव्हा उन्हात टाक, जड वाटू लागली तर बदल.

पत्र इथे संपवणार होतो. पाकीट चिकटवले आणि पुन्हा उघडले.

पोळ्याला आई आली नाही. दुसऱ्या दिवशी मी समुद्रपूरला गेलो. वर्धेला एक एसटी बदलली, हिंगणघाटला दुसरी. देवकाबाई ओसरीत बसून अंबाडी खुडत होत्या. तब्येत ठणठणीत.

"या प्रभाकरराव," त्या म्हणाल्या. "कोरडेच आले का, पाऊस नाई का तिकडं?"

मी विचारले, शालू कुठे आहे.

"बसा त खरं. पाणी घ्या."

"देवळात गेली का?"

"कोन्या देवळात? या वयात मले आता खोटं बोलून दम लागून राह्यला. ते नाई इथं."

"कधीपासून?"

"जूनपासून. पंधरा दिवस राह्यली असन. मंग पोरगी आली न घेऊन गेली."

"आणि फोनवर तुम्ही सांगत होता पूजेला बसली, आंघोळीला गेली?"

"सांगत होती. तुम्ही इचारत होते न, म्हनून सांगत होती. तुम्ही दिवसाआड इचारा, मी दिवसाआड आंघोळ घालून देत होती तिले."

त्या चहा करायला आत गेल्या. मी ओसरीतच होतो. शेजारी घासलेल्या भांड्यांची टोपली पालथी होती. त्या आतून म्हणाल्या, "ते कप कालचे हायेत. चाचपू नका."

माझा हात टोपलीवर होता.

तुझ्या आईने तुला हे सांगितलेच असेल. बाहेरून आलो की मी पालथे कप हाताने पाहत असे. घरात एकटीच होती म्हणते, आणि दोन कप ओले असतात, म्हणजे कोणी येऊन गेले. कोण, ते मी विचारत असे. बहुतेक वेळा शेजारच्या बाई आलेल्या असत, किंवा कोणीच नाही, तिनेच दोनदा चहा घेतलेला असे. पुढे ती कप पुसून ठेवू लागली. पुसून का ठेवतेस, हेही मी विचारले.

चहा देताना देवकाबाई म्हणाल्या, "तिनं मले एकच गोष्ट सांगतली. म्हने, अक्का, मी मारानं नाई आली, दारूनं नाई आली, लोकं काय म्हनतीन. मी म्हटलं, सांगू नको कोनाले. आंबे खा."

हिंगणघाटच्या स्टँडवर बस मिळेपर्यंत दोन तास बसलो. नकाशा खिशात होता, तिला दाखवायला नेलेला. तो काढून पाहिला. मधल्या बाकावरची आखूड, वाकडी ओल. ती उजव्या कुशीवर झोपते, गुडघे पोटाशी घेऊन, एक हात गालाखाली. चाळीस वर्षे माझ्यापासून हातभर अंतरावर अशीच झोपली. ते मला ओळखू आले नाही. मी तिथे एक बुटका पुरुष ठेवला.

जूनमध्ये तू हिंगणघाटला उतरलीस, समुद्रपूरहून आईला घेतलेस आणि तिथूनच परत गेलीस. आर्वी तिथून तीन तास आहे. हे मी विचारत नाही, लिहितो.

चंद्रभानबद्दल मी पुरे लिहिले नव्हते. दुसरे माणूस त्याची बायको होती. सेवाग्रामच्या दवाखान्यात तिचे उपचार चालू होते आणि पहाटेची बस त्यांच्या गावाहून मिळत नव्हती, म्हणून तो तिला रात्री गोदामात आणत असे. हे त्याने मला त्याच दिवशी सांगितले होते. मी मॅनेजरला लिहिले ते एवढेच: गोदामात रात्री दोन इसम झोपतात. ते खरे होते.

आईला एक विचार. ती परत येणार आहे का? बाकी काही विचारू नकोस. फक्त एवढे, आणि ती जे म्हणेल ते तिच्या शब्दांत लिही.

बाबा


आर्वी, १३ सप्टेंबर २०२५

चि. मयुरीस आशीर्वाद.

तुझे उत्तर मिळाले. मी विचारले होते, ती परत येणार आहे का. तू लिहितेस, "आई म्हणाली, शिवणाची मशीन पाठवा."

हे उत्तर आहे की नाही, ते मी पाच दिवस ठरवतो आहे.

बाकीचे तू सविस्तर लिहिले आहेस. फळ्यांनी ओल अर्धी झाली. उरलेली गाद्यांच्या रेक्झिनमुळे होती, ते आईने शोधले. रेक्झिन पाणी सोडत नाही, अंगाची वाफ खाली अडकून राहते. तिने खोळी उसवल्या, धक्क्यापलीकडच्या दुकानातून मांजरपाट आणले, तीन पाण्यांतून काढून खळ घालवली आणि हाताने नव्या खोळी शिवल्या. आता गाद्यांखाली हात फिरवला तर कोरडे लागते. शेजारच्या दोन होड्यांवरच्या लोकांनी पाहिले आणि त्यांनाही तशाच खोळी हव्या आहेत. हाताने शिवून तिची बोटे दुखतात.

रेक्झिनचे मला सुचायला हवे होते. कापूस मी तीस वर्षे पाहिला. माझे लक्ष कापसात कोणी पाणी घातले इकडे होते. कापूस पाण्याचे काय करतो, ते मी पाहिले नाही.

पण मशीनबद्दल मला शंका आहे. चाळीस वर्षांत तिने मला कधी काही पाठवा किंवा आणा म्हटले नाही. लागेल ते ती स्वतः जाऊन आणत असे किंवा त्यावाचून भागवत असे. मग हे तिचे शब्द कसे? मशीन तिला हवी आहे की ती तिथे राहावी म्हणून तुला हवी आहे? तुला जेवण मिळते, खोळी मिळतात, सोबत मिळते. इथे घरात काय आहे ते तुला माहीत आहे, म्हणजे काही नाही. मशीन खोलीत असेपर्यंत तिला इथे यायला एक कारण आहे. तू ते कारण मागते आहेस.

तिने स्वतःच्या हाताने लिहावे. तोवर मशीन जागेवर राहील.

बाबा


आर्वी, ३० सप्टेंबर २०२५

शालू,

मायना काय लिहावा ते कळले नाही. आपण एकमेकांना कधी पत्र लिहिले नाही.

तुझे पत्र मिळाले. अक्षर तुझेच आहे, फडताळातल्या तुझ्या किराण्याच्या यादीशी ताडून पाहिले. चार ओळी आहेत. मी बरी आहे. इथे ओल आहे पण कोणी काही विचारत नाही. मशीन पाठवा. जेवत जा.

मयुरीने सांगून लिहवून घेतले असेल असे एक दिवस वाटले. मग "जेवत जा" पुन्हा वाचले. ते कोणी सांगून लिहिलेले नाही.

मशीन खोलून पुसली. पाय आणि वरचे यंत्र वेगळे केले, तिथे हाताचे चाक लावून घे, पायाचे होडीत मावणार नाही. हाताचे चाक आर्वीत मिळाले, सोबत ठेवले आहे. सगळ्या भोकांतून तेल सोडले आहे. खाऱ्या हवेत लोखंड आठ दिवसांत गंज धरते. रोज काम संपले की तेलाच्या फडक्याने पुसून ठेव, झाकण घालून कोंडू नकोस, वारा लागू दे. सुया तेलाच्या कागदात गुंडाळल्या आहेत. दोरा सुती घेऊ नकोस, तिथे कुजेल.

मशीनच्या टेबलाचा ड्रॉवर उघडला. त्याला कुलूप आहे असे मी इतकी वर्षे समजत होतो, कारण तो मी घरात असताना तू कधी उघडला नाहीस. ओढला तर सहज आला. सकाळी दहाला ठरवले होते की तो उघडायचा नाही. अकराला उघडला. आत सहा बॉबिन, निळा खडू, मयुरीच्या शाळेच्या गणवेशाची दोन बटणे, तुटलेली कात्री, एक रिकामी पुडी. पुडीचा वास घेतला, बडीशेप होती. आणखी काही नव्हते. ड्रॉवर पुरता बाहेर काढून मागेही हात घातला. तिथेही नव्हते. हे तुला लिहिले नसते तरी तुला कळले नसते. कात्रीला धार लावून घेतली, बाकी होते तसे एका डब्यात घालून खोक्यात ठेवले आहे.

काल मशीन घेऊन वर्धेला गेलो. शेजारच्या हेमराजच्या टेम्पोतून नेली. वाटेत तो म्हणाला, "काकाजी, काकू येतीन न दिवाळीले?" मी म्हटले, समोर पाहून चालव. 

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काउंटरवर एक बाई होत्या, चष्मा डोक्यावर. खोक्यावर मी सवयीने दोन्ही पत्ते लिहिले होते, वर बेतीचा, खाली आपला. त्यांनी चष्मा खाली घेऊन वाचले.

"दोन पत्ते असले का माल उलटा येते, काकाजी," त्या म्हणाल्या. "रिपेअरीले चालली का मशीन? वापस यायची आहे का?"

मागे एक माणूस खताची पोती घेऊन उभा होता. त्यांनी पुन्हा विचारले, "वापस यायची आहे का नाई, सांगा लवकर."

मी म्हटले, "नाई."

"मंग खालचा खोडा." त्यांनी काळा जाड पेन माझ्याकडे सरकवला.

मी खोडला. एका रेघेने नीट गेला नाही, आर्वी वाचता येत होते. दुसरी रेघ मारली.

प्रभाकर